रंगाऱ्याच्या हाताचा रोग : इलाज जवळच आहे, वाट मात्र चुकते

कापडाच्या बाजारात रंगाची चौकशी रोज होते. शेड जुळली की नाही, रंग पक्का आहे की पहिल्याच धुण्यात उतरणार, काठाचा रंग पदराला लागला तर माल परत येईल का, हे सर्व व्यापारी बारकाईने पाहतो. ज्या हातांनी तो रंग सुताला लागला त्या हातांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर यांपैकी कुठल्याही गावच्या डाइंगमध्ये जाऊन दहा कामगारांचे हात उलटेपालटे करून पाहावेत. कुणाच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा दिसतील, कुणाच्या मनगटावर काळपट व जाड झालेली कातडी दिसेल, कुणाच्या हातावर बारीक पाणफोड येऊन लस वाहताना दिसेल. विचारले तर एकच उत्तर मिळते, ‘खाज आहे, कामाचीच आहे, जाईल.’

ही खाज आपोआप जात नाही. डॉक्टर तिला कॉन्टॅक्ट डर्माटायटिस म्हणतात. एखादा पदार्थ कातडीला लागल्यामुळे कातडीचा जो दाह होतो तो हा रोग. आम्ही डॉक्टर नाही व हकीमही नाही. आमचा धंदा रंगीन साडी व लुंगीचा आहे आणि उभी हयात रंगाऱ्यांच्या संगतीत गेली आहे. तरीही हा विषय व्यापाराच्या पानावर मांडण्याचे कारण असे की या रोगाने मरण येत नाही, पण रोजी जाते. हुनर हातात असतो, आणि हातच निकामी झाला तर वीस वर्षांचा उस्ताद एका वर्षात हमाल होतो. वाईट याचे वाटते की या रोगाचा इलाज बहुतेक ठिकाणी एका दिवसाच्या प्रवासात मिळण्यासारखा आहे. आपला कारागीर मात्र नेमका तेथे पोहोचत नाही.

खाज एक, रोग अनेक

पहिली अडचण नावाची आहे. आपल्या मोहल्ल्यात सर्व प्रकारच्या खाजेला एकच नाव व एकच औषध असते. वास्तविक तीन वेगळे रोग येथे एकत्र केले जातात. खरूज हा बारीक किड्यामुळे होणारा रोग आहे. त्याची खाज रात्री वाढते व घरातल्या इतरांनाही ती लागते. गजकर्ण, ज्याला आपण दाद म्हणतो, तो बुरशीमुळे होतो. त्याची कडा लाल व चकती गोल असते. तोही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कॉन्टॅक्ट डर्माटायटिस यापैकी काहीच नाही. तो कोणालाही लागत नाही.

ही शेवटची गोष्ट प्रत्येक मालकाने व प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावी. आम्ही असे कारखाने पाहिले आहेत जेथे हात चिघळलेल्या माणसाचा चहाचा ग्लास वेगळा ठेवतात व जेवताना त्याला बाजूला बसवतात. तो माणूस शरमेने हात बाहीत लपवतो व डॉक्टरकडे जायचेही टाळतो. त्याच्या स्पर्शाने कोणाला काही होत नाही. ज्या पदार्थाच्या स्पर्शाने त्याला हा त्रास झाला तो पदार्थ आपल्याच कारखान्याच्या पिंपात आहे.

या रोगाचेही दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पदार्थ स्वतःच कातडीला जाळतो. कॉस्टिक सोडा, हायड्रो, ब्लीचिंग पावडर, ॲसिड ही त्याची उदाहरणे. पुरेसा वेळ व पुरेसा तीव्र पदार्थ असेल तर तो कोणाच्याही कातडीला इजा करील. नुसते पाणी व साबण यांत दिवसभर हात राहिला तरी कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते व भेगा पडतात. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात एखाद्याच माणसाचे शरीर एखाद्या पदार्थाशी वैर धरते. शेजारी उभा असलेला कामगार त्याच टाकीत हात घालतो व त्याला काहीही होत नाही. हे वैर धरायला काही दिवस लागतात, कधी कधी कित्येक वर्षेही लागतात. एकदा धरले की ते सहसा जन्मभर राहते व मग थोडासा पदार्थही पुरतो.

येथेच माणूस फसतो. तो म्हणतो, ‘पंधरा वर्षे हाच रंग हाताळतो आहे, आजच कसा लागेल?’ पण ॲलर्जी अशीच येते. शिवाय पदार्थ लागल्यावर पुरळ लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. सोमवारी लागलेल्या पदार्थाचा त्रास बुधवारी दिसला की मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर किंवा मासळीवर दोष जातो.

साधी कसोटी अशी आहे. ईदच्या सुट्टीत किंवा गावी गेल्यावर हात सुधारतो आणि कामावर परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा बिघडतो, असे दोन-तीन वेळा झाले तर कारण कामातच आहे असा संशय धरावा. तोंड, पापण्या, मान असे उघडे भाग सुजत असतील तर हवेतून येणाऱ्या कारणाचाही विचार करावा. आपल्याकडे गाजर गवत हे त्याचे मोठे कारण आहे. १९५५ च्या सुमारास हे गवत पुण्याकडे प्रथम लक्षात आले व नंतर देशभर पसरले. कारखान्याच्या मागे ते माजलेले असेल तर दोष उगाच रंगाला लागायचा.

मेडिकल दुकानाची ट्यूब

हाताला खाज सुटली की आपला कारागीर पहिल्यांदा जातो तो मेडिकल दुकानात. दुकानदार हात बघतो न बघतो आणि एक ट्यूब पुढे करतो. ती लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते. कामगार खूश होतो व ट्यूबचे नाव शेजाऱ्यालाही सांगतो. पंधरा दिवसांनी खाज पुन्हा येते, ट्यूब पुन्हा येते, आणि हा फेरा वर्षानुवर्षे चालतो.

त्या ट्यूबमध्ये काय असते हे समजून घेतले पाहिजे. बहुतेक वेळा तिच्यात तीव्र स्टेरॉइड असते व जोडीला बुरशीचे एक औषध व जंतूंचे एक औषध मिसळलेले असते. म्हणजे रोग कोणता हे न पाहता तिन्ही रोगांवर एकदम मारा. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. कॉन्टॅक्ट डर्माटायटिसवर त्वचारोगतज्ज्ञही तेच लिहून देतात, पण किती तीव्र, कुठे लावायचे, किती दिवस व कधी बंद करायचे हे ठरवून देतात. बेहिशेब लावले तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, जराशा घर्षणाने रक्त येते. दाद असेल तर ती आतल्या आत पसरते व तिचे रूप असे बदलते की डॉक्टरलाही ओळखणे कठीण जाते.

हा धोका इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने कातडीवर लावायची १४ स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’ मध्ये टाकली. याचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही आपल्या वस्तीत ती गोळ्या-बिस्किटांसारखी मिळतात. दुकानदाराला दोष देता येईल, परंतु मागणारा आपण आहोत.

आणखी एक बारीक गोष्ट. काही मलमांचीच ॲलर्जी होते. जखमेवर सर्रास लावले जाणारे निओमायसिन व नायट्रोफ्युराझोन हे दोन पदार्थ त्यासाठी प्रसिद्ध आहेत. म्हणजे ज्या औषधाने जखम बरी व्हायची त्यानेच ती वाढते. मलम लावूनही जखमेभोवती लाली पसरत असेल तर आणखी मलम न थापता ते थांबवावे व डॉक्टरला ट्यूब दाखवावी.

घरचे उपाय व जुनी समजूत

आपल्या घरांत लसूण वाटून लावणे, लिंबू चोळणे, कडुलिंबाच्या पाल्याचा लेप देणे असे उपाय चालतात. लसणाने कातडी भाजते, हे लसणाचा लेप रात्रभर बांधून ठेवलेल्या माणसाला विचारावे. सर्वांत धोक्याचा उपाय बिब्ब्याचा. बिब्ब्याचे तेल हे स्वतःच कडक ॲलर्जी आणणारे आहे. कापडाच्या धंद्याशी त्याचा जुना संबंध आहे, कारण पूर्वी धोबी कपड्यावर बिब्ब्याच्या शाईने खूण करीत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांना अशा खुणेच्या जागी मानेवर व कमरेवर पुरळ उठत असे आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्या रोगाला धोब्याच्या खुणेचेच नाव दिले. ज्या पदार्थाच्या एवढ्याशा खुणेने असे होते तो पदार्थ चिघळलेल्या हातावर लावणे म्हणजे आगीवर तेल टाकणे होय.

रंगाऱ्यांची आणखी एक सवय मोडायला हवी. संध्याकाळी हाताचा रंग निघत नाही म्हणून ते हायड्रोच्या किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात हात बुडवतात, कोणी रॉकेलने पुसतात. सुताचा रंग कापणारा पदार्थ कातडीला सोडील अशी आशा करणे चुकीचे आहे. पुष्कळदा रंगापेक्षा हात धुण्याचीच इजा मोठी असते. रंगलेला हात चार दिवसांत आपोआप स्वच्छ होतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

युनानी तबीबांकडे जाणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. मालेगावात तर मन्सुरा येथे तिब्बिया कॉलेजच आहे. तिब्बमध्ये एक्झिमाला ‘नार फारसी’ असे नाव आहे आणि इलाजाचा पहिला उसूल ‘इजाला-ए-सबब’ हा आहे, म्हणजे आधी कारण दूर करा. ॲलोपॅथीचा त्वचारोगतज्ज्ञही पहिल्यांदा हेच सांगतो. तेव्हा शिकलेला हकीम असो की डॉक्टर असो, जो माणूस ‘तुम्ही काम काय करता’ हे न विचारता पुडी बांधतो त्याच्यापासून दूर राहावे. ही परीक्षा कोणालाही करता येते.

इलाज कुठे मिळतो

पहिली पायरी गावातले सरकारी रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत करण्यात आले आहेत. तेथे त्वचारोगाचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात हे आधी विचारून जावे, म्हणजे रोजंदारी फुकट जात नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे की नाही हे पाहण्याची तपासणी साधी आहे. तेवढ्यानेही दाद व डर्माटायटिस यांतला फरक पुष्कळदा कळतो.

दुसरी पायरी वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग. मालेगावकरांना धुळ्याचे सरकारी महाविद्यालय मुंबई-आग्रा रस्त्यावर सुमारे ५० किलोमीटरवर आहे. भिवंडीकरांना मुंबईचे जे. जे., नायर, केईएम व सायन ही रुग्णालये आहेत. सोलापूरला सरकारी महाविद्यालय गावातच आहे. इचलकरंजीच्या लोकांना कोल्हापूर व मिरज दोन्ही जवळ पडतात. ज्यांच्याकडे राज्य विमा योजनेचे म्हणजे ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी ते घेऊन आपल्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी. कार्ड असून ते पेटीत ठेवणारे कामगार आम्ही पाहतो. ते कार्ड अशाच वेळेसाठी असते.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. आपण हाताळतो त्या रंगांची व रसायनांची यादी, पिंपावरच्या लेबलाचे फोटो, आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब व खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. ‘पिवळी पावडर’ व ‘वासाचे पाणी’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. यादी लिहून देणे हे मुकादमाचे काम आहे व ते त्याने आनंदाने करावे.

पाठीवरची परीक्षा

ॲलर्जी कशाची आहे हे शोधण्यासाठी जी परीक्षा असते तिला पॅच टेस्ट म्हणतात. तिच्याबद्दल आपल्या लोकांत उगाच भीती आहे. तिच्यात सुई नाही व रक्त काढणेही नाही. निरनिराळ्या पदार्थांचे ठरवून दिलेल्या प्रमाणातले थेंब छोट्या छोट्या वाट्यांत ठेवून त्या चिकटपट्टीने पाठीवर लावतात. आपल्या देशासाठी अशा पदार्थांचा एक ठरलेला संच आहे. त्यात क्रोमचे क्षार, निकेल, केसांच्या काळ्या रंगातला पीपीडी नावाचा पदार्थ, रबराची रसायने, सुगंधी द्रव्ये, गाजर गवत व काही औषधे असतात. दोन दिवसांनी पट्टी काढून पाहतात व पुन्हा दोन दिवसांनी पाहतात. ज्या जागी लाली व फोड उठले तो पदार्थ गुन्हेगार.

म्हणजे सोमवारी पट्टी लावली तर बुधवारी निघते व शुक्रवारी शेवटची पाहणी होते. तोपर्यंत पाठ भिजवायची नाही व घाम येईल असे जड काम करायचे नाही. जुम्म्याचे गुस्ल शेवटची पाहणी झाल्यावर करावे. परीक्षा रोग शांत असताना करतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरला आधी सांगावे, नाही तर निकाल चुकतो. सर्व ठिकाणी ही परीक्षा रोज होतेच असे नाही, म्हणून वार विचारून जावे. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. ‘आम्हीच घरी हातावर रंग लावून बघतो’ असा शहाणपणा कोणी करू नये. कारखान्यातला कच्चा पदार्थ कातडी जाळतो आणि नवी ॲलर्जीही पैदा करतो.

एका मास्तरची हकीकत

आमच्या ओळखीच्या एका रंग मास्तरचे उदाहरण देतो. या माणसाची नजर अशी की एकदा पाहिलेली राणी कलरची शेड सहा महिन्यांनी नमुन्याशिवाय काढून देत असे. त्याच्या दोन्ही हातांना खाज सुरू झाली. ट्यूबवर तीन वर्षे गेली. शेवटी कातडी इतकी पातळ झाली की सुताची ओली लडी पिळताना रक्त येऊ लागले. मालकाने सांगितले, दुसरे काम बघ. कुटुंबात सहा माणसे खाणारी, मुलगी कॉलेजात. त्याने मुलीचे शिक्षण थांबवायचे मनात आणले होते.

कोणीतरी त्याला वैद्यकीय महाविद्यालयात नेले. पॅच टेस्टमध्ये दोन गोष्टी निघाल्या. एक क्रोमची ॲलर्जी. दुसरी रबराच्या रसायनाची, म्हणजे हात वाचवण्यासाठी घातलेले रबरी हातमोजेच त्याला नडत होते. टाक्या पाहिल्यावर कळले की रंग पक्का करण्याच्या शेवटच्या पाण्यात बायक्रोमेट वापरले जात होते. ते क्रोमचेच. त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड चालते हे धंद्यातल्या जाणत्यांना माहीत आहे. मालकाने कुरकुर करीत ते बदलले. मास्तरला रबराऐवजी पीव्हीसीचे हातमोजे मिळाले. डॉक्टरने ठरवून दिलेले मलम काही आठवडे व साधी पेट्रोलियम जेली रोज, एवढाच औषधाचा खर्च.

तो पूर्ण बरा झाला असे आम्ही सांगणार नाही. क्रोमची ॲलर्जी चिवट असते व पदार्थ सोडला तरी हात पुष्कळ दिवस कुरकुरतो. पण रक्त थांबले. आता तो टाकीत हात घालीत नाही, शेड ठरवतो व दोन पोरांना शिकवतो. मालकाचा मास्तर वाचला, मास्तरची रोजी वाचली व मुलगी कॉलेजात राहिली. नव्या माणसाच्या हातून दोन लॉट बिघडले असते तर त्या तोट्यात या सर्वाचा खर्च कित्येकदा निघाला असता.

क्रोमचा हा त्रास केवळ रंगाऱ्यांचा नाही. सिमेंटमध्येही क्रोमचा अंश असतो व गवंड्यांचे हात त्यानेच जातात. डेन्मार्क देशात १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून तो अंश निष्प्रभ करू लागले व तेथील गवंड्यांतली ही ॲलर्जी कमी झाली. २००५ पासून युरोपीय संघाने तसाच नियम केला. लाखो ट्यूब विकून जे होत नाही ते एका पदार्थाच्या बदलाने होते, हे यावरून दिसते.

मालकाने काय करावे

पहिली गोष्ट, स्वच्छ पाण्याचा नळ व सौम्य साबण कामाच्या जागीच असावा. अंगावर कॉस्टिक उडाले तर ताबडतोब भरपूर पाणी ओतता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट हातमोजे. आत सुती व बाहेर पीव्हीसी किंवा नायट्राइल अशी जोडी चांगली. भोक पडलेला मोजा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण आत गेलेले रसायन दिवसभर कातडीला चिकटून राहते. फिरत्या रोलरजवळ मात्र मोजे घालू नयेत. हात ओढला जाण्याचा धोका असतो. तेथे काठी, चिमटा किंवा डबा यांनी काम करावे.

तिसरी गोष्ट, रसायन हाताने कालवणे बंद करावे. एक लाकडी दांडा फार महाग नसतो.

चौथी गोष्ट, तपासणीसाठी कामगाराला त्या आठवड्यातल्या तीन खेपांची रजा पगारी द्यावी व भाडे द्यावे. कामगार डॉक्टरकडे जात नाही याचे मोठे कारण औषधाचा खर्च नसून बुडणारी रोजंदारी आहे.

पाचवी गोष्ट, कारण सापडले तर माणसाला काढू नये, काम बदलून द्यावे. काढून टाकण्याची भीती असेल तोवर प्रत्येक कामगार रोग लपवील व ट्यूब लावील.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवण्याच्या रोगांची यादी होती व तीत रसायने व रंग यांच्या स्पर्शाने होणारा डर्माटायटिस होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो ठेवलेला आहे. म्हणजे ‘कामाची खाज’ हा कामगाराचा नखरा नाही, कायद्याने मानलेला धंद्याचा रोग आहे. घराच्या ओसरीवर चालणाऱ्या छोट्या वर्कशॉपपर्यंत कायदा क्वचितच पोहोचतो. तेथे मालकाची नीयत हाच कायदा.

वजू, मेहंदी व ग्राहक

कारागीर नेहमी विचारतात त्या दोन-तीन गोष्टी येथे सांगून टाकतो. हाताला भेगा असताना वजूचे पाणी झोंबते. पाणी साधे असावे, नंतर हात चोळून न पुसता टिपून घ्यावेत व लगेच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावावे. ओल्या हाताला तसेच वारे लागू दिले की भेगा वाढतात. जखमेवर पट्टी असेल तर मसहची सवलत आहे हे सर्वांना माहीत आहे. तपशील आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारावा. जखमेमुळे नमाज सोडणे किंवा नमाजसाठी पट्टी फाडून काढणे, दोन्हीची गरज नाही.

लग्न व ईदच्या दिवसांत मिळणारी झटपट काळी मेहंदी ही खरी मेहंदी नव्हे. पानाची मेहंदी तांबूस रंगते व तिचा त्रास क्वचित होतो. काळ्या मेहंदीत पीपीडी मिसळलेले असते. एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे दाढीला लावायचा काळा रंगही सोसत नाही, तोंड सुजते, आणि कापडाच्या काही रंगांनीही त्रास होऊ शकतो. ज्यांच्या घरी रंगाचे काम चालते त्यांनी मुलींच्या हातावर हा प्रयोग करू नये.

दुकानदारांकडे कधी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते की नवीन कपड्याने अंगाला खाज सुटली. त्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. गडद निळ्या व काळ्या सिंथेटिक कापडातले व अस्तरातले काही डिस्पर्स रंग, तसेच सुरकुती न पडणाऱ्या कापडावरचे फॉर्मल्डिहाइडचे फिनिश यांनी काहींना खरोखर पुरळ उठते. काख, मांड्या, कोपराची खळगी अशा घासणाऱ्या जागी ते दिसते. नवा कपडा घालण्यापूर्वी धुवावा हा सल्ला विक्रीच्या वेळीच द्यावा. त्याने माल कमी खपत नाही, भरवसा वाढतो. त्रास कायम राहिला तर गिऱ्हाइकालाही त्वचारोगतज्ज्ञाकडेच पाठवावे.

वाचक बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे. रंग विकत घेणारा, कापड विकणारा व नफा मोजणारा असा प्रत्येक जण त्या हातांचा देणेकरी आहे. यंदाच्या हिशेबाच्या वहीत हातमोजे, साबण व दवाखान्याच्या भाड्याचे एक खाते उघडावे. आणि ज्या कारागिराचा हात आज चिघळला आहे त्याने नवी ट्यूब घेण्यापूर्वी पिंपावरच्या लेबलांचे फोटो काढावेत, जुन्या ट्यूब एका पिशवीत भराव्यात व त्वचारोगाच्या ओपीडीचा वार कोणता ते विचारून घ्यावे.